मिठाच्या पाण्याचा बोल

बाय,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तनूच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बोलायला तोंड नाय आनि लिवायला बसली बघा. खरंच आहे. चौथीपर्यंत जे शिकले तेवढंच. पण कागदासमोर मला घाम फुटत नाही, माणसांसमोर फुटतो.

तेराव्याला आपल्या ओळखीच्या नसलेल्या पाच-सहा बायका आल्या होत्या. तू बाजारात सुकी मासळी आणि मीठ घेऊन बसायचीस, तिथल्या. त्यातल्या एकीने सांगितलं, तिचा मुलगा फिनेल प्यायला होता. तिच्या आईने मिठाचं पाणी करून आणलं, पण हिला तुझं बोलणं आठवलं. तिने पेला बाजूला सारला, मुलाला उचललं, बाटली उचलली आणि थेट डॉक्टरकडे गेली. "तुमच्या यमुनाबायनं मना बोंबील देता देता सांगितलं व्हतं," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "लोकांची पोरं वाचवली. घरातली मारायला निघाली व्हती."

मी भात वाढत होते. पातेलं हातात होतं. तेव्हाही मी काही बोलले नाही, बाय. तू तेराव्याच्या पाटावरच्या फोटोत होतीस आणि मी तुझ्यासमोर गप्प राहिले. म्हणून हे लिहिते आहे. बाटली माझी होती हे तुला माहीत होतं आणि मला. तू गेलीस, आता मी एकटीच उरले.

मी लग्न होऊन तुझी धाकटी जाऊ म्हणून इकडे आले तेव्हा मला मिठातलं काही कळत नव्हतं. माझं माहेर खांब गावाजवळ. आमच्याकडे भात आणि वाल, मीठ म्हणजे दुकानातून आणायची पिशवी. तुमच्याकडे खाडी आणि मिठागर. तू बोट पाण्यात बुडवून जिभेला लावायचीस आणि सांगायचीस की अजून दोन दिवसांनी मीठ धरेल. कापलं तर मीठ, घसा धरला तर मीठ, दाढ दुखली तर मीठ, दृष्ट लागली तरी मीठच. मी मनात म्हणायचे, या बाईला देवाने रक्ताऐवजी खारं पाणी घातलंय.

आपण पेणला राहायला आलो आणि मी गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागले. आधी घासायला, मग सोनेरी कामाला. मुकुट, बाजूबंद, सोंडेवरची नक्षी. तनू झाली तेव्हा मला वाटलं, काम सुटलं. तू म्हणालीस, "तू जा. मी हाय ना." सासूबाई तुझ्या तोंडावर म्हणाल्या की जिला स्वतःचं पोर नाही तिला पोराचं काय कळणार. तू तनूला पायांवर घेतलंस आणि अंघोळ घालायला लागलीस.

त्या अंघोळीवरून आपलं किती वाजलं. अंगणवाडीच्या ताई सांगायच्या, नाकात-कानात तेल सोडू नका, डोळ्यांत काजळ घालू नका, धुरी देऊ नका. तू ऐकून घ्यायचीस आणि घरी येऊन तेल सोडायचीस. मी म्हणायचे, ताई नको म्हणाल्या. तू म्हणायचीस, "ताईला नाकात तेल घालूनच तिच्या आयशीनं वाढवली." मला हसू यायचं आणि मी हरायचे. पण एक सांगते, पुढे पुढे तू तेल फक्त अंगाला लावायला लागलीस. हरल्याचं मात्र कधी कबूल केलं नाहीस.

आता ते लिहिते.

श्रावण होता, गणपती तोंडावर आलेले. कारखान्यात काम आवरत नव्हतं, म्हणून मालकांनी लहान मूर्ती घरी न्यायला दिल्या. सोनेरी रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला थिनर लागतो. तो मी थंड पेयाच्या हिरव्या बाटलीत घेतला. सगळ्याच बायका तसाच न्यायच्या. बाटली हाताशी असते, बूच घट्ट बसतं, दुसरं काय बघायचं? मी ती कापडी पिशवीत ठेवून दाराच्या खिळ्याला अडकवायचे. त्या दिवशी पिशवीचा बंद तुटला. मी पिशवी मोरीच्या कडेला जमिनीवर ठेवली, शिवून घेऊ म्हटलं. सकाळी उशीर झाला आणि तशीच निघून गेले.

तनू पावणेदोन वर्षांची होती. तू मागच्या दारी बोंबील साफ करत होतीस. तनूने बूच काढलं, की ते मीच नीट लावलं नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. तुला वास आला तेव्हा तिची छाती भिजलेली होती आणि ती खोकत होती. तू तुला येत होतं ते केलंस. पेल्यात मूठभर मीठ टाकलंस, पाजलंस, घशात बोट घालून ओकवलंस. एकदा नाही, दोनदा. मग तिला उचलून रस्त्यावर पळालीस.

मला कारखान्यात निरोप आला. मी पोचले तेव्हा डॉक्टर तुला विचारत होते, काय प्यायली, बाटली कुठे आहे? तू बाटली आणली नव्हतीस. कोण आणणार? मी रिक्षाने घरी गेले आणि घेऊन आले. येताना ती मांडीवर धरली होती. बाटलीच्या गळ्याला सोनेरी रंगाचा ठिपका होता, तो मी नखाने काढायचा प्रयत्न करत होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलासुद्धा नाही.

तोवर सासूबाई आल्या होत्या. डॉक्टरांनी वास घेतला आणि विचारलं, "हा घरात कोणी ठेवला?"

मी तोंड उघडलं होतं, बाय. खरंच उघडलं होतं. पण तू आधी बोललीस.

"मीच आनवून घेतला डॉक्टर. खाटंत ढेकून झालेत, त्यांच्यावर मारायला."

डॉक्टर तुझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, ते शब्द मला पाठ आहेत. थिनर, रॉकेल असलं काही पोटात गेलं तर तिथे ते फार नुकसान करत नाही. ओकताना ते छातीत जातं आणि छातीत गेलं की श्वास अडकतो. म्हणून ओकवायचं नाही. मिठाचं पाणी तर कशालाच नाही. मूठभर मीठ लहान मुलाच्या रक्ताला झेपत नाही, त्यानेच मूल दगावू शकतं. दूध पाजायचं नाही, केळं चारायचं नाही. मी तिथे उभी राहून विचार करत होते की मी घरी असते तर दूध पाजलं असतं. माझ्या माहेरी तेच करतात. दुधानेही ती ओकलीच असती. म्हणजे तुझ्यापेक्षा मला काही जास्त कळत नव्हतं. मी फक्त तिथे नव्हते.

तनूला तिथून पनवेलच्या दवाखान्यात हलवलं, पाच दिवस ती तिथे होती. नाकाला नळी, छाती भात्यासारखी वरखाली. हे रोह्याहून, कंपनीतून शिफ्ट टाकून आले आणि दवाखान्याच्या जिन्यात तुला नाही नाही ते बोलले. वैनी, तुझं स्वतःचं असतं तर अशी वागली असतीस का, असंही बोलले. तू पदर तोंडाला लावून ऐकलंस. मी एक पायरी वर उभी होते.

पाचव्या दिवशी तनूने माझ्या हातातली बिस्किटाची पुडी ओढली, तेव्हा नर्स म्हणाली, आता घरी न्या.

घरी आल्यावर मी तुला एकदाच विचारलं, असं का बोललीस? तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "तुझं काम सुटलं असतं. माझं काय सुटनार व्हतं?"

सुटली ती तनू. सासूबाईंनी ठरवलं की पोर मोठीच्या हातात द्यायचं नाही. त्या स्वतः सांभाळू लागल्या. मी कामावर जात राहिले. तू आणि मी एकाच चुलीवर, आणि वर्षभर तुला तिला उचलायची बंदी. सासूबाई दुपारी लवंडल्या की मी तनूला तुझ्याकडे ढकलायचे. तू मागे सरकायचीस. "नको गो. कोन बघंल." मग एक दिवस तिला चालता चालता स्वतःच समजलं की तुझी मांडी रिकामी असते. ती येऊन बसली. कोणी तिला उठवलं नाही आणि बंदी तिथेच संपली.

ढेकणांचं मात्र संपलं नाही. तू दर आठ दिवसांनी खाट उन्हात टाकणारी, सुंभावर उकळतं पाणी ओतणारी. तुझ्या गोधडीला साबणाचा वास. आणि शेजारची कमळाकाकी तुला नळावर हाक मारायची, "ढेकनाची यमुना आली गो, बाजू द्या, चावंल." बायका हसायच्या. तूही हसायचीस. मी हंडा भरून निघून यायचे. स्वच्छ बाईने स्वतःच्या घराला ढेकूण चिकटवून घेतले, त्याचं तुला किती लागलं असेल, हे मला खूप उशिरा समजलं. पोर नसल्याच्या बोलापेक्षा कमी नसेल लागलं.

तू पुढे जे केलंस ते मी केलं नसतं. तनूला दाखवायला डॉक्टरांकडे जायचो तेव्हा तू दारात उभी राहून प्रश्न विचारायचीस. शेंगदाणे कितव्या वर्षी द्यायचे? घशात अडकलं तर काय करायचं? बादली भरून ठेवली तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे, चणे अख्खे नकोत, आणि लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडतं. त्या दिवसापासून आपल्या मोरीत भरलेली बादली कधी राहिली नाही. सासूबाई कुरकुरल्या की पाणी हाताशी लागतं. तू भरलेलं पिंप लाकडी झाकणाने झाकलंस आणि वर पाटा ठेवलास. पाणी हवं असलं की आधी पाटा उचला. माझी कंबर अजून त्याची आठवण ठेवून आहे.

मग तू अंगणवाडीत आयांच्या बैठकीला जाऊन बसू लागलीस. तिथे कोणीतरी विचारलं, तू कशाला आलीस, तुला कुठे पोर आहे? तू म्हणालीस, "माझ्या हातून व्हायचं ते झालं. तुमच्या हातून नको." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

जुलाबात द्यायचं साखर-मिठाचं पाणी ताई शिकवायच्या. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. बायका म्हणायच्या चमच्याचं काय, चिमूट टाकतो. ताईंनी सगळ्यांना चिमूट काढायला सांगितली. तुझी चिमूट बघून त्या हसल्याच. मिठागरातली चिमूट ती, एका चिमटीत मासा खारवायची. तू चमचा वापरायला लागलीस. ताई म्हणाल्या होत्या, करून झालं की चाखून बघा, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. हे तुला फार आवडलं. बाजारात मीठ विकताना प्रत्येक लेकुरवाळीला सांगायचीस. मीठ विकणारी बाई मीठ कमी घाला म्हणून सांगते, याचं गिऱ्हाइकांना हसू यायचं.

आणि मग तुझं ठरलेलं. "माझ्या पुतनीला मी मिठाचं पानी पाजलं. तुम्ही नका पाजू." नाव घेऊन, छातीवर हात ठेवून. लपवून नाही.

पण ढेकणांची गोष्टही तशीच सांगावी लागायची. त्यामुळे ऐकणाऱ्या बाईला वाटायचं, आपल्याकडे कुठे ढेकूण आहेत. थंड पेयाच्या बाटलीत काय भरू नये, हे तुझ्या गोष्टीत कधी आलंच नाही. ते यायचं तर त्या गोष्टीत मी यायला हवं होतं.

तू हे मला दोन वर्षांपूर्वी सांगितलंस. आपण बाजारातून एसटीने येत होतो, टोपल्या पायात. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "माझं अर्धं मी सांगते. उरलेलं अर्धं तुझं हाय."

मी म्हटलं, सांगेन.

"कवा?"

"तनू मोठी झाली की."

"तनू मोठी झाली. कारखान्यातल्या बायांची पोरं अजून बारकी हायत."

मला राग आला. मी म्हटलं, मग तूच सांग ना, तुला तर तोंड आहे. तू म्हणालीस, "मी सांगितलं तर चुगली व्हते." आणि आठ दिवस मला तुझ्या हातचं सुक्या मासळीचं कालवण मिळालं नाही. नवव्या दिवशी वाटी आली, पण बोलणं तिथेच राहिलं. नंतर तू विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरली असेल. तू विसरणारी नव्हतीस. तू वाट बघत होतीस.

परवा कारखान्यात गेले, तुझ्यानंतर पहिल्यांदा. कविता म्हणून एक नवीन मुलगी लागली आहे. तिचं बाळ दीड वर्षाचं. तिला लहान मूर्ती घरी न्यायच्या होत्या. तिने पिशवीतून आंब्याच्या सरबताची रिकामी बाटली काढली, चित्रासकट, आणि थिनरसाठी पुढे धरली. ओतणाऱ्याने बुधला वाकडा केला.

मी म्हटलं, "त्यात नको."

कोणाला ऐकू गेलं नाही. पंखा चालू होता. मी उठले, जाऊन बाटलीच्या तोंडावर हात ठेवला. थोडा थिनर माझ्या बोटांवर सांडला, गार. तोच वास. मी म्हटलं, "माझी तनू प्याली होती. अशाच बाटलीतला."

सगळ्या बघत होत्या. माझ्या कानशिलांवर घाम. माझ्याबरोबर जुनी असलेल्या आपल्या शेवंताने विचारलं, "ते यमुनाबायनं आनलं व्हतं ना?"

"नाय. मी आनलं होतं. इथूनच. मी खाली ठेवलं होतं."

एवढंच बोलले. पुढचं कसं सांगायचं याचा मी अकरा वर्षं विचार केला होता आणि ते इतकंसं निघालं. कविता घाबरून विचारू लागली, प्यालंच तर काय करायचं? तिथे मला अडखळावं लागलं नाही. ओकवू नको. दूध नको, पाणी नको, मीठ तर नकोच. कपडे भिजले असतील तर काढ, अंग साबणाने धू, पण त्यात वेळ घालवू नको. बाटली बरोबर घे आणि लगेच डॉक्टरकडे जा. पोर बरं दिसलं तरी जा, छातीत गेलेलं आधी कळत नाही. तुझाच सूर लागला होता, माझ्या लक्षात आलं. शेवंताच्याही आलं. तिने पदर डोळ्याला लावला.

मालकांनी आता झाकणाचे लोखंडी डबे आणलेत, वर लाल पट्टा. घरी न्यायचा तर त्यातूनच, आणि टांगायचा तर माणसाच्या डोक्याच्या वर. मी माझ्या जागेवर येऊन बसले, ब्रश उचलला. एका गणपतीच्या कानाला सोनं जास्त लागलं. पुसलं नाही.

घरी पोचले तर गोष्ट माझ्याआधी पोचली होती. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी चपला काढल्या आणि म्हटलं, आय, बाटली माझी होती.

त्या म्हणाल्या, "ठावं हाय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"त्या खाटंवर मीच निजत व्हते गो. ढेकून असतं तर मना चावलं नसतं?"

"मग तुम्ही बोलला का नाय?"

"तू का नाय बोललीस?"

मी चपला उचलून कडेला लावल्या. मग त्या म्हणाल्या, चहा टाक. त्या चहा प्यायल्या नाहीत, पेला तसाच गार झाला. तेराव्याला जे बोलल्या ते त्यांनाही आठवत असेल. मी विचारलं नाही.

ह्यांना शिफ्टवरून आल्यावर सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "वैनीला त्या जिन्यात मी काय काय बोललो." आणि हात धुवायला उठले. पानात भात तसाच होता. तनूने सगळं ऐकलं. सातवीत आहे ती, आता तिच्यापासून काही लपत नाही. तिने मला एवढंच विचारलं, मोठी आय माझ्यामुळे ओरडा खायची का? मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. ती तुझी गोधडी घेऊन झोपली.

तू असताना हे का केलं नाही, याचं कारण शोधून पाहिलं. लाज, भीती, काम जाईल, सगळं लिहून पाहिलं आणि खोडलं. तुझं मोठेपण मला सोयीचं होतं, बाय. हे खोडत नाही.

आज सकाळी तुझ्यासारखी ती खाट उन्हात टाकली. चैत्राचं ऊन आहे, सुंभ तापला की वास येतो तसा येत होता. उकळतं पाणी ओतत होते तर कुंपणापलीकडून कमळाकाकी सवयीने म्हणाली, "काय गो सुनंदे, ढेकून झालं काय?"

मी तपेलं खाली ठेवलं.

"नाय," मी म्हटलं. नळावर उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आमच्या घरात ढेकून कधीच नव्हतं."